यजमान, पाहुणा आणि साकव

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवे मशीन रचताना मेमरी किती, डिस्क किती हे एकदा ठरले की सेटिंग्जमधले 'नेटवर्क'चे पान उघडावे लागते आणि एक छोटी यादी खाली उतरते. यादीच्या कपाळी दोन शब्द असतात, 'अटॅच्ड टू'. पुढे मुख्य पर्याय येतात: नॅट, ब्रिज्ड अडॅप्टर, इंटर्नल नेटवर्क, होस्ट-ओन्ली अडॅप्टर, नॅट नेटवर्क, आणि यांतले काहीच नको असेल तर 'नॉट अटॅच्ड'. कोणता पर्याय काय करतो हे वाचकांना माहीत आहे असे धरून चालतो. माझे कुतूहल या नावांच्या कुळाचे आहे. पडद्यावर ती नवी कोरी वाटतात, पण जरा खरवडले की खाली खुंटा, पाहुणा, यज्ञ, ओढ्यावरचा ओंडका, बहुरूप्याचे सोंग असा बराच जुना संसार दिसू लागतो. आणि त्या जुन्या अर्थांना धरून पर्याय निवडला तर तो बहुधा बरोबर निघतो.

सुरुवात 'अटॅच'पासूनच करू. जुन्या फ्रेंचमधल्या 'एस्ताश' म्हणजे खुंटा, मेख या शब्दाशी त्याचे नाते लावतात. इंग्रजी 'स्टेक' त्याच घरचा. म्हणजे अटॅच करणे हे मुळात खुंट्याला बांधणे असावे. हाच शब्द इटालियनमधून फिरून आला तेव्हा त्याचे 'अटॅक' झाले, त्यामुळे जोडणी आणि हल्ला हे एकाच आईचे दोन मुलगे. नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींना या नात्याचे नवल वाटू नये. 'नॉट अटॅच्ड'ला मी 'मोकाट' म्हटले असते, पण खुंट्यावरून सुटलेले जनावर गावभर हिंडते आणि खुंट्यावरून सुटलेले मशीन कुठेच जाऊ शकत नाही. तेव्हा ते राहू द्यावे.

'व्हर्च्युअल' हा शब्द मात्र नीट बसून पाहण्याजोगा आहे. लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष. आपला 'वीर' तोच. 'विर'पासून 'विर्तुस' झाला: आधी पौरुष, मग पराक्रम, मग सद्गुण, मग कोणत्याही वस्तूच्या अंगचे सामर्थ्य. संस्कृतात 'वीर'पासून 'वीर्य' झाला तो अगदी याच वाटेने. 'विर्तुस'वरून मध्ययुगीन पंडितांनी 'विर्तुआलिस' घडवला, म्हणजे ज्याच्या अंगी ते सामर्थ्य आहे असा. जुन्या इंग्रजीत झाडपाल्याच्या औषधी गुणाला 'व्हर्च्यू' म्हणत, आणि आपल्याकडे आयुर्वेद 'वीर्य' हा शब्द नेमक्या त्याच जागी वापरतो. द्रव्याचा रस जिभेला कळतो; वीर्य कळते ते शरीरावरच्या परिणामातून. सुंठ जिभेला तिखट लागते हा तिचा रस, ती उष्ण पडते हे तिचे वीर्य. पुढे इंग्रजीत 'व्हर्च्युअल'चा अर्थ 'नावारूपाने नसेल, पण परिणामाने तेच' असा स्थिरावला. आता व्हर्च्युअल मशीनकडे पाहा. पत्र्याची पेटी नाही, पंखा नाही, वायर नाही. पण यंत्राचे वीर्य सगळे आहे. शब्द कसा चपखल बसला आहे!

आपण मात्र त्याला 'आभासी' म्हणून बसलो. 'भास्' म्हणजे चमकणे, आणि 'आभास' म्हणजे वरवरची चमक, खऱ्यासारखे दिसणारे खोटे. न्यायशास्त्रातला 'हेत्वाभास' हा हेतूसारखा दिसतो पण हेतू नसतो. मराठीत हा शब्द शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आला असावा. सपाट आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही म्हणून ती 'आभासी प्रतिमा', आणि तिथे तो शब्द शोभतोही. तिथून तो उचलून संगणकाला चिकटवला गेला असे दिसते. पण आभासी म्हटलेल्या मशीनवरची फाईल पुसली तर ती खरोखरच जाते, आणि त्या मशीनमधून पाठवलेले पत्र खऱ्या माणसाला खरोखरच मिळते. धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाची सत्याची कसोटी 'अर्थक्रिया' ही होती: जे काम करून दाखवते ते खरे. त्या कसोटीवर व्हर्च्युअल मशीन पहिल्या फटक्यात उतरते. वेदान्ताच्या भाषेत सांगायचे तर त्याची सत्ता प्रातिभासिक नाही, व्यावहारिक आहे. आणि 'आभासी' हा शब्द त्याला विनाकारण दोरीवरच्या सापाच्या पंक्तीला नेऊन बसवतो.

इतिहासातही या वादाची एक सावली सापडते. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिजमधल्या केंद्रात एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक वसवण्याचे प्रयोग चालू होते. तिथे आरंभी 'स्यूडो मशीन' असा शब्द वापरात होता असे दिसते. 'स्यूडो' म्हणजे खोटे, तोतया. म्हणजे आपले 'आभासी'च. तो मागे पडला आणि 'व्हर्च्युअल' राहिला. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम-३७० बाजारात आणले तोपर्यंत निकाल लागलेला होता. त्यांनी टाकून दिलेला अर्थ आपण मराठीत उचलून आणला.

'मशीन' ग्रीक 'मेखाने'वरून लॅटिनमार्गे आला हे सर्वश्रुत आहे. त्यासमोर आपले 'यंत्र' 'यम्' म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे या धातूचे. नियंत्रण, यंत्रणा ही त्याचीच भावंडे. ज्याला आवरून ठेवता येते ते यंत्र, हा अर्थ नेटवर्कच्या बाबतीत पुढे कामी येईल.

आता या यादीतल्या सर्वांत श्रीमंत जोडीकडे येऊ: होस्ट आणि गेस्ट. ज्या खऱ्या संगणकावर हे सगळे चालते तो होस्ट, आणि त्याच्या आत वसलेला तो गेस्ट. हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे दिसतात, पण मुळात ते एकच आहेत. मूळ इंडो-युरोपीय 'घोस्ति' म्हणजे परका, ज्याच्याशी देण्याघेण्याचे नाते जडते तो. जर्मानिक शाखेत त्याचा 'गेस्ट' झाला. लॅटिनमध्ये 'होस्तिस' झाला. आधी परका, आणि रोमची युद्धे वाढत गेली तशी त्याचा अर्थ शत्रू होऊन बसला. 'होस्टाइल' तिथला. पण त्याच 'होस्ति'ला 'पति' जोडून, हा आपला संस्कृत 'पति'च, 'होस्पेस' असा शब्द झाला: परक्यांचा पती, पाहुण्यांचा धनी. 'होस्ट', 'हॉस्पिटल', 'हॉटेल' ही त्याची पिलावळ. फ्रेंचमध्ये आजही 'ओत' हा एकच शब्द यजमानालाही चालतो आणि पाहुण्यालाही. म्हणजे व्हर्च्युअलायझेशनच्या पानावर जी दोन नावे समोरासमोर ठेवली आहेत ती एकाच पूर्वजाची आहेत, आणि त्या पूर्वजाच्या पोटात 'शत्रू' हाही अर्थ लपलेला आहे. विषाणूंचा अभ्यास करणारे लोक मुद्दाम घातक प्रोग्राम गेस्टमध्ये सोडून त्याचे चाळे पाहतात, तेव्हा गेस्टचा पुन्हा 'होस्तिस' होतो. त्या दिवशी त्याला कोणत्या खुंट्याला बांधायचे हा प्रश्न गंभीर असतो.

आपल्याकडचे शब्द याहून सौम्य आहेत. 'अतिथी'ची लोकप्रिय फोड 'अ-तिथी', न सांगता येणारा. पण ती मागाहून बसवलेली दिसते. यास्काने निरुक्तात 'अत्' म्हणजे हिंडणे या धातूकडे बोट दाखवले आहे; शिवाय तिथी-तिथींना दुसऱ्याच्या घरी येतो तो, असाही पर्याय दिला आहे, म्हणजे लोकव्युत्पत्तीच्या बरोबर उलटा! मनुस्मृतीत आणखी तिसरेच कारण सापडते: ज्याचे राहणे नित्य नाही, एका रात्रीपुरते आहे, तो अतिथी. प्रयोगापुरते उभे केलेले आणि काम झाल्यावर पुसून टाकलेले मशीन मनूच्या व्याख्येत चांगले बसते. 'पाहुणा' हा प्राकृत 'पाहुण'चा वारस. संस्कृतात 'प्राघुण', 'प्राघूर्णक' अशी रूपे मिळतात. 'घूर्ण्' म्हणजे गरगर फिरणे. तेव्हा इथेही मुळात भटका माणूसच असावा. काहींना ही संस्कृत रूपे प्राकृतावरून उलटी घडवलेली वाटतात, आणि त्या शंकेत दम आहे.

'यजमान' म्हणजे यज्ञ करणारा, 'यज्' धातूचे सरळ वर्तमानकालवाचक रूप. ऋत्विजांना बोलावणारा, त्यांची सोय पाहणारा, दक्षिणा देणारा. म्हणून पुढे घरधनी आणि मराठी बायकांच्या तोंडी नवरा. आता फारसीकडे वळलो तर एक सुरेख योग दिसतो. तिथे यजमानाला 'मेझबान' म्हणतात. मराठीने हा माणूस घेतला नाही, पण त्याची पंगत घेतली: 'मेजवानी'. वरवर पाहता 'मेझ' म्हणजे मेज आणि 'बान' म्हणजे राखणारा, दरबानातला आणि बागवानातला. पण मेझबानातला 'मेझ' हा मुळात अवेस्तातल्या 'म्यज्द' म्हणजे यज्ञीय अन्न या शब्दाकडे जात असावा, अशीही एक व्युत्पत्ती मांडतात. 'म्यज्द' आणि वेदांतला 'मियेध' एकच. ती खरी धरली तर आपला यजमान यज्ञ करणारा आणि इराणचा मेझबान यज्ञाचे अन्न राखणारा. दोघेही एकाच वेदीवरून उठून पाहुण्यांच्या पंगतीत आले. मराठी 'मेज' पोर्तुगीज 'मेझा'वरून आले की फारसीवरून, हा स्वतंत्र वाद. दोन्ही ओढे एका जागी मिळाले असावेत, आणि गोव्याकडून आलेल्याने फारसीकडून आलेल्याला बळ दिले असावे.

पाहुणा घरात आला. आता त्याने बाहेरच्या जगाशी बोलायचे कसे? यादीतले पहिले उत्तर नॅट, म्हणजे नेटवर्क अॅड्रेस ट्रान्स्लेशन. शब्द तीन आहेत, आणि तिन्हींच्या मागे काही ना काही आहे.

'नेट' आणि 'नोड' ही भावंडे असावीत; गाठ मारणे हा दोघांचा धंदा. आपले 'जाल' मासेमारीचे, खिडकीच्या जाळीचे, आणि इंद्रजालात जादूचे. हिंदीतला 'जाली नोट'मधला 'जाली' मात्र याच्या नात्यातला नाही. तो अरबी 'जअल' म्हणजे बनवणे यावरून आला. इतका सारखा दिसतो की फसायला होते.

'अॅड्रेस'च्या मुळाशी लॅटिन 'दिरेक्तुस', सरळ केलेले. त्यातल्या धातूचे नातेवाईक आपल्याकडे 'ऋजु', आणि इराणात 'रास्त'. रास्त भावाच्या दुकानातला हा 'रास्त'. मराठी 'पत्ता' दुसऱ्या घरचा. हिंदी 'पता' हा 'प्रत्यय'वरून, म्हणजे खूण, खात्री यावरून आला असावा असे एक मत आहे, आणि मराठीत ती जुनी छटा अजून जिवंत दिसते. चोराचा 'पत्ता लागतो' तेव्हा त्याचे घर कळते असे नाही, माग लागतो. आणि माणूस 'बेपत्ता' होतो तेव्हा त्याचे घर जागच्या जागीच असते. 'पत्ता कट' मात्र पत्त्यांच्या डावातला, म्हणजे 'पत्र'कुळातला. आयपी पत्त्याला यातला पहिला अर्थ जास्त लागू पडतो. तो घराचा क्रमांक कमी आणि ओळखीची खूण जास्त.

आणि 'ट्रान्स्लेशन'. यातला 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे; 'तरणे', 'तिरस्' ही त्याची भावंडे. 'लातुस' म्हणजे उचललेले. 'तुला' आणि 'तोलणे' त्याच कुळातली दिसतात. तेव्हा ट्रान्स्लेट करणे म्हणजे उचलून पलीकडे नेणे. मध्ययुगीन युरोपात संतांच्या अस्थी एका चर्चमधून दुसऱ्यात हलवणे हेही 'ट्रान्स्लेशन'च. भाषांतर हा अर्थ त्यातूनच पिकला. नॅटमध्ये भाषा बदलत नाही, पत्ताच उचलून दुसरा ठेवला जातो, म्हणून इथे 'पत्त्याचे भाषांतर' असे कोणी लिहिले की मला हसू येते. पण त्याच्या शेजारचा 'तर्जुमा' हा शब्द मला इथे मोहात पाडतो. अक्कादी भाषेत 'तर्गुमान्नु' म्हणजे दुभाष्या. तो अरबीत 'तर्जुमान' झाला, युरोपात 'ड्रॅगोमन' झाला, आणि फारसीमार्गे आपल्याकडे 'तर्जुमा' राहिला. दुभाष्या दोघांच्या मधे उभा असतो आणि दोघांनाही एकमेकांशी थेट बोलू देत नाही. नॅट तंतोतंत हेच करते. आतला पाहुणा बोलतो, यजमान ते स्वतःच्या नावाने बाहेर सांगतो. उत्तर यजमानाच्या नावे येते आणि तो ते आत पोचवतो. बाहेरच्याला आत कोणी आहे याचा मागमूस नसतो.

हा दुभाष्या मुळात तात्पुरता नेमला होता. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या आरंभी दिसू लागले. मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या टिपणात नॅटची कल्पना मांडली गेली, आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने घरगुती वापरासाठी १०, १७२.१६ आणि १९२.१६८ पासून सुरू होणारे पट्टे राखून ठेवले. त्यातलाच पाहुण्याचा तो सुप्रसिद्ध पत्ता: १०.०.२.१५. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट निवडलेल्या कोणत्याही मशीनला बहुधा हाच मिळतो, दारवान १०.०.२.२ आणि नावांची चौकशी १०.०.२.३. ही पत्त्यांची चाल 'स्लर्प' नावाच्या १९९५ च्या सुमाराच्या प्रोग्रामकडून आली आहे. ज्यांच्याकडे नुसते अक्षरी शेल खाते असे, त्यांना त्यातून पुरते इंटरनेट वापरता यावे म्हणून तो लिहिला गेला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तो हाच काळ. दोन पाहुण्यांना एकच पत्ता मिळाला तरी भांडण होत नाही, कारण प्रत्येकाची खोली निराळी आणि दोघांत भिंत. दोघांनी एकमेकांशी बोलावे असे वाटले तर मात्र 'नॅट नेटवर्क' हा वेगळा पर्याय घ्यावा लागतो.

लिनक्समध्ये याच कामाला एक फार रंगेल शब्द आहे: 'मास्करेड'. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर यजमानाचा मुखवटा चढवायचा, म्हणून हे नाव. युरोपातला 'मास्क' कुठून आला यावर एकमत नाही. लॅटिन 'मास्का' म्हणजे चेटकीण हा एक दावेदार. दुसरा अरबी 'मस्खरा', म्हणजे विदूषक. हा दुसरा फारसीतून मराठीत आला आणि त्याचा 'मस्करा', 'मस्करी' झाला. दुसरा दावा खरा ठरला तर लिनक्सच्या अग्निभिंतीत लिहिलेला 'मास्करेड' आणि आपली 'थट्टामस्करी' हे मावसभाऊ ठरतात. मराठीत त्या क्रियेला 'सोंग घेणे' हा बिनतोड शब्दप्रयोग तयार आहे. नॅट म्हणजे पाहुण्याने यजमानाचे घेतलेले सोंग.

दुसरा पर्याय 'ब्रिज्ड'. इथे पाहुणा सोंग घेत नाही. तो थेट घराच्या राउटरकडे जातो, स्वतःच्या नावाने पत्ता मागतो, आणि घरातल्या फोन, टीव्ही, प्रिंटर यांच्या पंगतीला बसतो.

'ब्रिज'चे मूळ 'ओंडका', 'तुळई' या अर्थाचे असावे. स्लाव भाषांत त्याच कुळातल्या शब्दाचा अर्थ आजही ओंडका असा आहे. ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका हा पहिला ब्रिज. मराठी 'पूल' फारसीतून आला, आणि त्याची वंशावळ फार मोठी आहे. मध्य फारसीत 'पुह्ल', अवेस्तात 'पेरेतु'. मेल्यानंतर आत्म्याला ओलांडावा लागणारा पारशांचा चिन्वत पूल तो हाच 'पेरेतु'. त्याचा धातू 'पृ', पलीकडे नेणे. आपले 'पार' तिथले. आता 'पेरेतु'च्या जोडीचा लॅटिन शब्द पाहा: 'पोर्तुस', म्हणजे बंदर, आत शिरण्याची वाट. आणि जर्मानिक शाखेत 'फोर्ड', म्हणजे उताराची जागा; ऑक्सफर्ड, फ्रँकफर्ट यांतला. 'पोर्तुस'वरून 'पोर्ट', आणि पोर्तुस काले या बंदरावरून पोर्तुगाल हा देशच.

म्हणजे 'पूल' आणि 'पोर्ट' हे एकाच धातूचे आहेत. नॅटमधल्या पाहुण्याला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही ही त्याची मोठी अडचण, आणि तिच्यावरचा उपाय 'पोर्ट फॉरवर्डिंग': यजमानाच्या २२२२ क्रमांकाच्या पोर्टवर येणारी हाक पाहुण्याच्या २२ क्रमांकावर पोचवायची. पाहुण्याला आणखी मोकळीक हवी असेल तर ब्रिज. ही दोन टोके जिथे तांत्रिक मंडळी 'एक किंवा दुसरे' म्हणून मांडतात, तिथे भाषा सांगते की दोन्ही पलीकडे जाण्याचेच प्रकार आहेत. एक उतार, एक पूल. संगणकातला 'पोर्ट' बंदराचा 'पोर्तुस' की दाराचा 'पोर्ता', असा तंटा कोणी काढला तर काढू द्यावा. ते दोघेही 'पृ'च्याच घरचे.

संस्कृत 'सेतु'चे मात्र वळण निराळे. 'सि' म्हणजे बांधणे, म्हणून सेतु म्हणजे बांध. तो पाण्यावरून नेतो तसा पाणी अडवतोही. शेताच्या कडेचा बांधही सेतूच. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला सेतु म्हटले आहे ते दोन लोक जोडतो म्हणून नव्हे, तर ते एकमेकांत मिसळू देत नाही म्हणून. आधुनिक वाचक इथे दचकतो. पण नेटवर्कमधला ब्रिज नेमका असाच होता! १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये इथरनेटचे ब्रिज घडत होते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्रीची युक्ती काढली ती याच ब्रिजांसाठी. त्या ब्रिजचे काम दोन जाळी जोडण्याइतकेच त्यांना वेगळे ठेवण्याचेही होते: ज्या चौकटीचा धनी अलीकडेच आहे तिला पलीकडे जाऊ द्यायचे नाही. म्हणजे इंग्रजीतला ओंडका मागे पडला आणि उपनिषदातला सेतु पुढे आला.

तरी घरच्या संगणकावरच्या ब्रिज्ड अडॅप्टरला मी सेतु म्हणणार नाही. तो शब्द लंकेपर्यंत जातो. मला 'साकव' हवा. कोकणात ओढ्यावर, वहाळावर माणसांपुरता टाकलेला तो साकव. जिल्हा परिषदेच्या कामांच्या यादीत आजही सापडतो. हा संस्कृत 'संक्रम', प्राकृत 'संकम', आणि मग 'सांकव', 'साकव'. कौटिल्य सैन्याने पाणी कसे ओलांडावे ते सांगताना संक्रम आणि सेतुबंध शेजारी ठेवतो, म्हणजे दोहोंतला भेद त्याला ठाऊक असावा. 'संक्रांत' त्याची सख्खी बहीण. साकव एका वाडीपुरता असतो, आणि ब्रिज्ड अडॅप्टरही एका मशीनपुरताच असतो. मापाला माप मिळाले.

या साकवाची एक गोम मात्र सांगायला हवी. तारेच्या जोडणीवर तो बिनतक्रार चालतो. वायफायवर नाही. वायफायचे केंद्र साधारणपणे ज्याची नोंद झाली आहे त्याच्याच मॅक पत्त्याचे निरोप घेते. पाहुण्याचा मॅक पत्ता निराळा, आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये तर तो ०८:००:२७ पासून सुरू होणारा, म्हणजे आडनावावरूनच ओळखू येणारा. मग व्हर्च्युअलबॉक्स काय करते, तर जाताना पाहुण्याचा मॅक पत्ता काढून तिथे यजमानाचा ठेवते. नावाला ब्रिज, आणि करणी ट्रान्स्लेशनची. वसतिगृहात, हॉटेलात ब्रिज्ड पर्याय हटकून फसतो त्यामागे बरेचदा हीच किंवा हिच्या जवळची अडचण असते. जाळे चालवणाऱ्याला एका दारातून दोन माणसे आलेली चालत नाहीत.

याच पानावर आत कुठेतरी 'प्रॉमिस्क्युअस मोड' असतो: आपल्या नावाचे नसलेले निरोपही ऐकायचे की नाही. हा शब्द लॅटिन 'मिस्केरे'चा, म्हणजे मिसळणे. संस्कृत 'मिश्र' त्याच्या जवळचा, आणि 'मिश्र'वरून आपली 'मिसळ'. त्याहून अधिक या शब्दाबद्दल बोलायला नको.

'इंटर्नल'मधला 'इंटर' आणि आपला 'अंतर्' एकच, म्हणून 'आंतरजाल' हा शब्द घडवणाऱ्याने नकळत मूळ शब्दावरच बोट ठेवले. 'होस्ट-ओन्ली' म्हणजे केवळ यजमानापुरता. 'केवल' आणि लॅटिन 'काएलेब्स', म्हणजे ब्रह्मचारी, एकटा, यांची सांगड जुने भाषापंडित घालत. निश्चित म्हणता येत नाही. पण होस्ट-ओन्ली मशीनची स्थिती कैवल्याच्या जवळची असते खरी. यजमान १९२.१६८.५६.१ वर, आणि पाहुणा त्याच पट्ट्यात. जगाचा संबंध तुटलेला. 'यंत्र' शब्दातला आवरून ठेवण्याचा अर्थ इथे पुरता फळतो.

तेव्हा निवाडा असा. घरच्या संगणकावर नुसते बाहेरचे पाहायचे, काही उतरवून घ्यायचे असेल तर सोंग पुरते, नॅट हलवू नये. पाहुण्याकडे यजमानालाही जायचे असेल तर नॅटच्या जोडीला दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्ली द्यावा. घरातल्या इतरांनी त्याच्याकडे थेट यावे असे वाटले तरच साकव टाकावा, तोही तारेच्या जोडणीवर. आणि पाहुण्याचा 'होस्तिस' निघण्याचा संशय असेल तर सोंग नको, साकव नको. त्याला खोलीत बंद करावे. शब्दांपुरते म्हणाल तर नॅट, पोर्ट, होस्ट हे मराठीत रुळले आहेत, ते तसेच राहावेत. 'आभासी' बदलायला उशीर झाला आहे, तरी लिहिणाऱ्यांनी 'व्हर्च्युअल मशीन'च लिहावे हे बरे. 'साकव'ला देशावर, खानदेशात, वऱ्हाडात, बेळगावकडे वेगळे शब्द असतील, विशेषतः एका घरापुरत्या किंवा एका शेतापुरत्या ओलांडणीला, तर ते वाचकांनी अवश्य कळवावेत.